नॅनो कूलंट, एसजीमधला ध्वनिवेग आणि उष्णता: जाणकारांनी जरा बोलावं

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं मशिन शॉप आहे. आसपासच्या फाउंड्रींकडून ग्रे आणि एसजी (स्फेरॉइडल ग्रॅफाइट) आयर्नची, म्हणजे दोन जातींच्या ओतीव लोखंडाची कास्टिंग येतात, टर्निंग-बोरिंग करून आम्ही पुढं पाठवतो. सध्या दोन गोष्टी एकदमच समोर आल्यात.

एक, एक विक्रेते 'नॅनो कूलंट' घेऊन आले होते. नेहमीच्या कूलंटमध्ये (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या द्रवात) ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे नॅनो कण घातलेत आणि त्यामुळं ते ४० टक्के जास्त उष्णता वाहून नेतं, असं त्यांचं म्हणणं. किंमत नेहमीच्या कूलंटच्या कितीतरी पट. टूलचं आयुष्य खरंच वाढणार असेल तर पैसे घालायची तयारी आहे.

दोन, आमची एक फाउंड्री आता प्रत्येक एसजी लॉटबरोबर अल्ट्रासॉनिक व्हेलॉसिटीचा आकडा देणार आहे. तो आकडा मला नक्की काय सांगतो? लोखंडात आवाज किती वेगानं जातो यावरून माल चांगला की वाईट हे कसं कळतं?

डिप्लोमा झालेला माणूस आहे, गणित दिलंत तरी चालेल. फक्त आकड्यांनिशी सांगा.

---

कुपोला | सोमवार, रात्री १०.२५

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण रोजचं काम तेच आहे. फाउंड्रीत क्वालिटीला आहे.

ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पातळ पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, एसजीत ते गोळ्या होऊन बसतं. १९४३ मध्ये कीथ मिलिस यांनी वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घालून बघितलं आणि ग्रॅफाइटच्या गोळ्या झाल्या, तिथून एसजी सुरू झालं. आपल्याकडं लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्यात, जी मॅग्नेशियम ट्रीटमेंट करतात ती याचसाठी. अडचण अशी की मॅग्नेशियम टिकत नाही. ट्रीटमेंटनंतर ओतायला उशीर झाला की ते उडून जातं, आम्ही त्याला फेडिंग म्हणतो. लॅडलचे पहिले साचे उत्तम आणि शेवटच्या दोन-चार साच्यांत गोळ्या बिघडलेल्या, असं होऊ शकतं. वरून सगळी कास्टिंग सारखीच दिसतात.

इथं आवाज कामाला येतो. प्रोब लावून २ ते ५ मेगाहर्ट्झचा स्पंद आत सोडायचा, मागच्या पृष्ठभागावरून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं. जाडी व्हर्नियरनं मोजलेली असते. दुप्पट जाडी भागिले वेळ, की वेग मिळाला. चांगल्या एसजीत तो सेकंदाला साधारण ५५०० ते ५७०० मीटर येतो. ग्रे आयर्नमध्ये दर्जानुसार ४००० पासून ५००० पर्यंत कुठंही. साध्या पोलादात ५९०० च्या वर.

तुमच्याकडं अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज असेल तर तुम्हीही बघू शकता. गेज पोलादावर, म्हणजे ५९२० वर सेट करा आणि ३० मिमी जाडीच्या एसजीवर लावा. वेग ५६०० असेल तर गेज ३१.७ मिमी दाखवेल. तिथं ३४ मिमी दिसलं तर वेग ५२०० च्या आसपास आहे आणि ते कास्टिंग बाजूला काढायचं. व्हर्नियर आणि गेज यांच्यातला फरकच तुम्हाला ग्रॅफाइटचा आकार सांगतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. हा आकडा गोळ्यांबद्दल बोलतो, कडकपणाबद्दल नाही. कार्बाइड (लोखंड आणि कार्बनचं कठीण संयुग) झालं असेल तर इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टोकं, तुटतील, पण वेग उलट थोडा वाढलेलाच दिसेल. म्हणून हार्डनेस वेगळा मागा.

---

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ७.१५

कुपोला साहेब, एकदम स्पष्ट झालं. गेज आहे आमच्याकडं, आजच लावून बघतो.

मग एक सांगा. एसजीत आवाज जोरात पळतो, तर उष्णताही जोरात पळत असणार, बरोबर? म्हणजे एसजी कापताना उष्णता लवकर बाजूला जायला पाहिजे. शॉपवरचा अनुभव तर उलटा आहे. ग्रे कापताना त्रास कमी, एसजीत टूल जास्त तापतं.

---

पंचगंगाकाठ | मंगळवार, दुपारी १२.०५

तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याच्या मागं फार सुंदर भौतिकी आहे. कॉलेजात ही प्रकरणं पुष्कळ वर्षं शिकवली, त्यामुळं सविस्तर लिहितो.

ग्रे आयर्नची उष्णतावाहकता ढोबळमानानं ५० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन असते, एसजीची ३० ते ३८. म्हणजे ज्या लोखंडात आवाज हळू जातो त्यातच उष्णता जोरात जाते. दोन्हींचं कारण ग्रॅफाइटचा तोच पापुद्रा.

आवाज म्हणजे दाबाची लहर. ती पुढं जाण्यासाठी पदार्थ ताठ लागतो. ग्रॅफाइटचा पापुद्रा यांत्रिकदृष्ट्या जवळजवळ भेगेसारखाच, तो ताण पेलत नाही. लोखंडात अशा हजारो भेगा पसरल्या की एकूण ताठरपणा कमी होतो आणि वेग उतरतो. तेच ग्रॅफाइट गोळी होऊन बसलं की भोवतीचं लोखंड अखंड राहतं. उष्णतेच्या बाबतीत मात्र पापुद्रा उपकारक. ग्रॅफाइट आपल्या थरांच्या दिशेनं लोखंडापेक्षा कितीतरी चांगलं वाहक आहे, आणि ग्रे आयर्नमधले पापुद्रे एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळं उष्णतेला सलग वाट मिळते. गोळ्या सुट्या सुट्या असतात, मध्ये लोखंड ओलांडावं लागतं. गाड्यांचे ब्रेक ड्रम आणि डिस्क आजही ग्रे आयर्नचे करतात त्यामागचं एक मोठं कारण हेच. (एसजी कापताना टूल तापतं त्याला वाहकता हे एकच कारण नाही. ग्रेची चिप तुटते आणि पापुद्रे वंगणाचं काम करतात. एसजी चिवट, त्यात कापायलाच जास्त ऊर्जा जाते.)

आता मूळ प्रश्न, आवाज आणि उष्णता यांचं नातं काय? घन पदार्थातले अणू जागच्या जागी थरथरत असतात आणि ती थरथर एका अणूकडून दुसऱ्याकडं लहरींच्या रूपानं जाते. तुमचा प्रोब २ मेगाहर्ट्झची लहर पाठवतो. खोलीच्या तापमानाला पदार्थात आधीच असलेल्या उष्णतेच्या लहरी काही टेराहर्ट्झच्या, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त वारंवारतेच्या असतात. जातकुळी मात्र एकच. अशा लहरींच्या ऊर्जेच्या पुंजाला फोनॉन म्हणतात. १९१२ मध्ये पीटर डेबाय यांनी घन पदार्थाची विशिष्ट उष्णता चक्क त्यातल्या ध्वनिवेगावरून काढून दाखवली. ज्यात आवाज वेगानं जातो त्या पदार्थाचं डेबाय तापमान (ज्याच्या वर जवळजवळ सगळ्या लहरी जाग्या होतात ते तापमान) जास्त. शिसं सुमारे १०५ केल्व्हिन, तांबं सुमारे ३४०, हिरा २२०० च्या आसपास.

विद्युतरोधक स्फटिकात वाहकता ठरते तीन गोष्टींवर: विशिष्ट उष्णता, लहरींचा वेग, आणि फोनॉन न धडकता किती अंतर जाऊ शकतो. हिऱ्यात आवाज सेकंदाला सुमारे १८००० मीटर जातो आणि त्याची वाहकता २००० वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या घरात, म्हणजे तांब्याच्या पाचपट. तिथं तुमचा तर्क शंभर टक्के बरोबर ठरतो. धातूंत मात्र उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन नेतात, म्हणून चांगला विद्युतवाहक तोच चांगला उष्णतावाहक. व्हिडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये हे मोजलं होतं. चांदीत आवाज पोलादापेक्षा कितीतरी हळू जातो, तरी उष्णता वाहण्यात ती सगळ्या धातूंत पहिली.

---

चंदेरी_हुपरी | मंगळवार, सायंकाळी ६.३०

सर, चांदीचं नाव निघालं म्हणून विचारतो. आमचा हुपरीत चांदीचा धंदा. बाहेरून आलेल्या लगडीच्या पोटात दुसरा धातू भरलाय का, हे या आवाजाच्या मशिननं कळतं का? एक्स-रेच्या मशिनवर ठेवली तर वरवर शुद्धच दाखवते.

---

कुपोला | मंगळवार, रात्री ८.५०

कळतं, आणि चांगलं कळतं. एक्सआरएफ मशिन फक्त वरच्या पातळ थराचं सांगतं, आवाज आरपार जातो. चांदीत वेग सेकंदाला सुमारे ३६००, तांब्यात ४७०० च्या आसपास, शिशात २२०० च्या आत. गेज चांदीवर सेट करून लगडीवर लावायचं. आत तांबं असेल तर जाडी व्हर्नियरपेक्षा कमी दाखवेल, शिसं असेल तर जास्त. जोड नीट बसलेला नसेल तर मधूनच प्रतिध्वनी येईल आणि जाडी एकदम निम्म्यावर वगैरे दिसेल. लगड ओबडधोबड असते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडी सपाट जागा करून घ्या आणि चार-पाच ठिकाणी बघा.

सगळ्या चांदीतच तांबं एकजीव मिसळलेलं असेल तर फरक बारीक पडतो, ते याच्या भरवशावर ठरवू नका. तिथं तुमचं नेहमीचं टंचच खरं.

---

विद्यानगर_लॅब | मंगळवार, रात्री ११.१०

नॅनो कूलंटकडं अजून कोणी वळलं नाही म्हणून लिहिते. माझं संशोधन नॅनोफ्लुइडवरच चालू आहे, त्यामुळं हा प्रश्न मला जवळचा आहे.

उद्यमनगरी दादा, त्या ४० टक्क्यांचं मूळ बहुधा असं असावं. द्रवात नॅनो कण मिसळून उष्णतावाहकता वाढवायची कल्पना आणि 'नॅनोफ्लुइड' हे नाव अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीच्या स्टीफन चोई यांनी १९९५ मध्ये पुढं आणलं. २००१ मध्ये त्याच गटानं दाखवलं की इथिलीन ग्लायकॉलमध्ये आकारमानानं फक्त ०.३ टक्के तांब्याचे कण घातले की वाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढते. जगभर खळबळ उडाली, कारण जुन्या सिद्धांतात हे बसत नव्हतं.

जुना सिद्धांत मॅक्सवेलचा, १८७३ चा. मिश्रणाची वाहकता किती असावी याचं सूत्र त्यांनी दिलं होतं. कण गोल, विरळ आणि द्रवापेक्षा खूप चांगले वाहक असतील तर ढोबळ हिशेब असा की आकारमानानं १ टक्का कणांमागं वाढ सुमारे ३ टक्के. ॲल्युमिना आणि पाण्यासाठी पूर्ण सूत्र उलटं करून बघा. ४० टक्के वाढ हवी तर आकारमानानं साडेबारा टक्के ॲल्युमिना लागेल. एका लिटरमध्ये जवळजवळ अर्धा किलो पावडर! असलं मिश्रण तुमच्या नोझलमधून धड बाहेर पडणार नाही.

मग कोण खरं? २००९ मध्ये एमआयटीच्या बुऑनजॉर्नो यांच्या पुढाकारानं तीसहून अधिक संस्थांनी एकच नमुने वाटून घेतले, आपापल्या पद्धतीनं मोजले आणि आकडे एकत्र मांडले. कणांचा आकार आणि पृष्ठभागावरचा रोध धरून केलेल्या साध्या मिश्रणाच्या हिशेबाशी ते आकडे जुळले. चमत्कारिक वाढ त्यात दिसली नाही. त्या अभ्यासाबद्दल मला फार आदर आहे. एवढ्या लोकांनी स्वतःचं माप दुसऱ्यांच्या मापाशेजारी ठेवायची तयारी दाखवली.

याचा अर्थ विषय फोल आहे असा नाही. कण एकमेकांना चिकटून साखळ्या करतात तेव्हा साखळीच्या दिशेनं वाहकता खरोखर वाढते. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातल्या गटानं मॅग्नेटाइटच्या नॅनोफ्लुइडवर चुंबकीय क्षेत्र लावून ही वाढ कितीतरी पटींपर्यंत नेऊन दाखवली आहे. आणि क्षेत्र काढलं की साखळ्या सुटतात. तुमच्या लेथवर ती व्यवस्था नाही.

आणखी तीन गोष्टी त्या विक्रेत्यांना विचारा. ४० टक्के वाढ कोणत्या द्रवाच्या तुलनेत? ग्लायकॉलची वाहकता ०.२५, तिच्यात ४० टक्के वाढ झाली तरी ०.३५. साध्या पाण्याची ०.६ आहे. दुसरं, टक्के वजनाचे की आकारमानाचे? ॲल्युमिना पाण्याच्या जवळजवळ चौपट जड, म्हणून वजनानं ४ टक्के म्हणजे आकारमानानं जेमतेम १. तिसरं, 'वाहून नेणं' म्हणजे काय? वाहकता वेगळी आणि द्रवाची उष्णता धरून ठेवायची क्षमता वेगळी. कण घातल्यावर किलोमागं विशिष्ट उष्णता कमीच होते. व्हिस्कॉसिटी वाढते, पंपावर भार येतो. तुमच्या संपमधल्या (कूलंटच्या टाकीतल्या) धारेचं काम बरंचसं या दुसऱ्या क्षमतेवर चालतं.

---

दसरा_चौक | बुधवार, सकाळी १०.००

ताई, मी एमएस्सीला आहे आणि माझा प्रकल्प याच विषयावर आहे. अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटरवर (ध्वनिलहरीची लांबी मोजून वेग काढायच्या यंत्रावर) २ मेगाहर्ट्झला ॲल्युमिना-पाणी नॅनोफ्लुइडमधला ध्वनिवेग मोजतोय. माझा वेग कण वाढवले की कमी होतोय. वाचलेल्या काही शोधनिबंधांत तो वाढतो आणि 'कण व द्रव यांच्यातली आंतरक्रिया प्रबळ' असं कारण दिलेलं असतं. मी निष्कर्षात काय लिहावं?

---

विद्यानगर_लॅब | बुधवार, दुपारी ३.२०

तुझा वेग कमी होतोय हेच अपेक्षित आहे. आकडे घालून बघ.

द्रवातला वेग दोन गोष्टींवर ठरतो, घनता आणि संपीड्यता, म्हणजे द्रव किती दबतो. दोन्हींपैकी काहीही वाढलं की वेग उतरतो. आकारमानानं १ टक्का ॲल्युमिना घातलं की घनता सुमारे ३ टक्के वाढते आणि संपीड्यता सुमारे १ टक्काच घटते, कारण कण जवळजवळ दबतच नाहीत. गुणाकार २ टक्क्यांनी वाढला, वेग त्याच्या वर्गमुळानं उतरला, म्हणजे १ टक्का. २५ अंशांना पाण्यात १४९७ मीटर प्रति सेकंद असतो, तो १४८३ वर यायला हवा. हे युरिक यांचं १९४७ पासूनचं सूत्र आहे. कण द्रवाबरोबर हलतात असं ते गृहीत धरतं, आणि नॅनो कणांना ते चांगलं लागू पडतं. २ मेगाहर्ट्झला पाण्यात चिकटपणाचा थर (कण आणि द्रव एकमेकांना ओढतात ती जाडी) ०.४ मायक्रोमीटरचा असतो आणि तुझा कण त्याच्या कितीतरी आत.

आता खरी मेख. आकारमानानं ०.१ टक्का घेतलास तर अपेक्षित घट फक्त दीड मीटर प्रति सेकंद. पाण्यातला वेग २५ अंशांच्या आसपास दर अंशाला सुमारे २.७ मीटरनं वाढतो. म्हणजे सेलचं तापमान अर्ध्या अंशानं चढलं तर तुझा सगळा परिणाम पुसला जाईल, त्याहून चढलं तर वेग वाढलेला दिसेल. एप्रिलमध्ये कोल्हापुरात दुपारी लॅबचं तापमान काय होतं ते तुला माहीतच आहे. सॉनिकेटरमधून (ध्वनीनं कण सुटे करणाऱ्या यंत्रातून) काढलेला नमुना गरम असतो, तो थेट सेलमध्ये ओतला तर हमखास हे होणार. पाणी फिरवणारा थर्मोस्टॅट लाव आणि थर्मामीटर बाथमध्ये नको, सेलमध्ये ठेव.

मायक्रोमीटरचंही तसंच. पाण्यात दोन शिखरांमधलं अंतर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, सुमारे ०.३७४ मिमी. वीस अंतरं मोजलीस तर ७.५ मिमी, आणि ०.१ टक्का बदल म्हणजे त्यात ०.००७ मिमी. तुझ्या मायक्रोमीटरचं लघुतम माप ०.०१ मिमी असेल तर हा बदल त्याला दिसणारच नाही. एक तर सांद्रता वाढव, नाही तर शिखरं जास्त मोज. निबंधात वेग आणि सांद्रतेच्या आलेखावर त्रुटीच्या रेषा नसतील तर 'प्रबळ आंतरक्रिया' हे वाक्य मी मान्य करत नाही, आणि तूही लिहू नकोस. सरफॅक्टंट (कण सुटे ठेवायला घालतात ते साबणासारखं रसायन) वापरलं असेल तर तेवढंच सरफॅक्टंट घातलेलं पण कण नसलेलं पाणीही मोज. वेग त्यानंही बदलतो.

---

पंचगंगाकाठ | बुधवार, सायंकाळी ५.४५

ताईंचं उत्तर जपून ठेव, बाळ. एवढंच जोडतो: सोय असेल तर प्रकाशाच्या विवर्तनानंही वेग काढून बघ. द्रवातल्या ध्वनिलहरी प्रकाशाला जाळीसारख्या विवर्तित करतात, हे १९३२ मध्ये डेबाय आणि सीअर्स यांनी दाखवलं आणि त्याचा सिद्धांत १९३५ पासून रामन आणि नागेंद्र नाथ यांनी बंगळूरला मांडला. तुझं ॲल्युमिनाचं मिश्रण दुधी असेल तर प्रकाश पार जाणार नाही, पण नुसत्या पाण्यावर दोन्ही पद्धतींचे आकडे जुळले तर तुझ्या इंटरफेरोमीटरवर तुझा भरवसा बसेल.

---

उद्यमनगरी | बुधवार, रात्री ९.१५

सगळं दोनदा वाचून काढलं. गेज लावून बघितलं, एसजीचे सगळे पीस ३१.५ ते ३२ च्या दरम्यान आले, व्हर्नियरला ३० होते. समाधान वाटलं.

ताई, कूलंटचं अजून एक. समजा विक्रेत्यांनी वाहकता थोडीच वाढते हे कबूल केलं, पण घर्षण कमी होतं म्हणून टूल टिकतं असं म्हणाले, तर? आणि संपमध्ये ते किती दिवस चांगलं राहील?

---

विद्यानगर_लॅब | बुधवार, रात्री १०.५०

घर्षणाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. अगदी थोडं तेल हवेच्या झोतानं थेट कापण्याच्या जागी मारायच्या पद्धतीत, म्हणजे एमक्यूएलमध्ये, नॅनो कणांचे चांगले निकाल पुष्कळ जणांनी मांडलेत. पण तिथं द्रव एकदाच वापरला जातो. तुमच्याकडं धार वाहते आणि संपमध्ये परत येते, त्यामुळं टिकण्याचा प्रश्न मोठा.

५० नॅनोमीटरचा सुटा ॲल्युमिना कण पाण्यात दिवसाला अर्धा मिलिमीटरही खाली जात नाही. तेच कण चिकटून १ मायक्रोमीटरचा गठ्ठा झाला तर दिवसाला १४ सेंटिमीटर. कण सुटे राहतात ते पृष्ठभागावरच्या विद्युतभारामुळं, आणि तो भार पीएचवर अवलंबून. ॲल्युमिनाचा भार पीएच ९ च्या आसपास शून्य होतो. आता तुमच्या पाण्यात मिसळायच्या कूलंटचा पीएच बघा, चांगल्या स्थितीत तो ९ च्याच जवळपास असतो. म्हणजे कण चिकटायला सगळ्यात सोयीची जागा. त्यावर त्यांनी कोणतं डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं रसायन) घातलंय आणि तुमच्या कडक पाण्यात, स्लाइडवेचं (मशिनच्या सरकपट्ट्यांचं) तेल मिसळल्यावर ते चालतं का, हे विचाराच. ॲल्युमिना हा ग्राइंडिंग व्हीलमधलाच पदार्थ आहे. पंपाच्या सीलमध्ये आणि स्लाइडवेवर तो बसला तर काय करेल ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. धुक्यासारखे तुषार उडतात तिथं ऑपरेटरच्या श्वासाचाही विचार करा, मास्क आणि एक्झॉस्ट हवाच.

चाचणी घ्यायचीच तर एकाच मशिनवर, एकाच हीट नंबरच्या (एकाच वेळी वितळवलेल्या लोखंडाच्या) कास्टिंगवर, त्याच इन्सर्टनं घ्या. आधी नेहमीचं कूलंट, मग त्यांचं. रिफ्रॅक्टोमीटरवर सांद्रता रोज बघा. कूलंटचा दाब आणि नोझलची दिशा बदलू देऊ नका. इन्सर्टच्या बाजूची झीज मोजा, पिसांच्या संख्येवर जाऊ नका. नमुना घेताना एक लिटर पारदर्शक बाटलीत भरून ऑफिसात कडेला ठेवा आणि तळाशी काय बसतं ते बघा.

---

कुपोला | गुरुवार, सकाळी ८.०५

चाचणीसाठी हीट नंबर मी काढून देतो, एकाच लॅडलचे सुरुवातीचे साचे. प्रत्येक पीसचा वेग आणि हार्डनेस सोबत लिहून देईन, म्हणजे पीसमुळं फरक पडला का कूलंटमुळं हा वाद राहणार नाही. शनिवारी दुपारनंतर फोन करून या. गेज लावायच्या जागेवर वाळू चिकटलेली असते, तेवढी ग्राइंड करून घेतो. आणि हो, शेकआउटमधून, म्हणजे साचा फोडून, नुकतं निघालेलं गरम कास्टिंग लगेच मोजायचं नाही. पोलादात तापमान ५५ अंशांनी वाढलं की जवळजवळ १ टक्का वेग उतरतो, लोखंडातही तो उतरतोच. थंड झाल्यावरच मोजू.

---

दसरा_चौक | गुरुवार, सकाळी ८.४०

कुपोला काका, मीही शनिवारी आलो तर चालेल का? बाटलीतला कूलंटचा नमुना थोडा मिळाला तर इंटरफेरोमीटरवर वेग आणि सोबत घनता मोजून कणांचं प्रमाण खरंच किती आहे ते काढून बघतो. कण नसलेलं त्यांचंच मूळ कूलंटही लागेल, तेवढं दादांनी विक्रेत्यांकडून मागून घ्यावं.

---

उद्यमनगरी | गुरुवार, सकाळी ९.१०

मागतो. दोन्ही नमुने अर्धा-अर्धा लिटर घेऊन येतो. वाहकतेचा रिपोर्ट आणि डिस्पर्संटचं नावही लेखी मागितलंय.